एकोणशंभर

...आणि वर शाळेतल्या बाई मलाच ऐकवतात, ‘पालकांनी चिडायचं नाही!’ अहो, मी चिडलो नाही हो! आवाज जरा चढला, इतकाच, की वरच्या मजल्यावरच्या काकू लाटणं घेऊन धावत आल्या!

तुम्हाला सांगतो, आमची धाकटी दुसरीत. त्रेपन्न सांगा, पस्तीस लिहिते! दोन चाचण्या गेल्या, तिसरीही गेली तर पोरीला कच्च्यांच्या तुकडीत टाकणार, म्हणजे बाकावरची एकुलती एक मैत्रीण सुटणार, म्हणून ती धड जेवेना! मग बाईंनी युक्ती सांगितली, ‘वस्तू हाताळू द्या, खेळत शिकवा, चिडायचं नाही.’ बायको शिवणकाम करते. तिचा बटणांचा डबा केला उपडा, दहा-दहाच्या माळा ओवल्या, पाच माळा, तीन सुटी बटणं... ‘लिही बाळा, त्रेपन्न!’ लिहिलं, पस्तीस! ‘अगं, का?’ ‘बाबा, तू त्रे आधी म्हणालास ना? मग तीन आधी!’ आता काय खोटं बोलली ती? म्हटलं, बोलताना तीन आधी, लिहिताना पाच आधी. ‘मग तू नीट का बोलत नाहीस?’ मी चिडलो नाही हं!

पुढे एकोणसाठ. लिहिलं, एकसष्ट! ‘एक आणि साठ, झाले की!’ म्हटलं, साठ नाहीतच त्यात. ‘मग साठांचं नाव कशाला घेतोस?’ आतून आई, ‘आमच्या वेळी छडी होती, आपोआप यायचं सगळं!’ बायको, ‘माझी लाल बटणं ओवलीस? गिऱ्हाईक दारात आहे!’ मी दात-ओठ खात सहा माळांतलं एक बटण काढलं. ‘एक कमी साठ, एकोणसाठ!’ आणि काय सांगू, डोक्यात उजेड पडला हो पोरीच्या! ‘एकोणसत्तर! एकोणऐंशी! एकोणनव्वद!’ उड्या मारतेय! मीही मारतोय! ‘एकोणशंभर!!’

‘नाही गं... नव्याण्णव.’

‘का?’

का? अहो, मला काय माहीत का! आईला विचारलं, तिनं जप सुरू केला. काकू म्हणाल्या, ‘गॅसवर दूध आहे.’ बाईंना फोन लावला, तर ‘तसंच असतं!’ म्हणून ठेवूनच दिला! कोण चिडलं, सांगा!

शेवटी चाचणी झाली. वीसपैकी एकोणीस! अक्षरी नव्याण्णव तेवढं चुकलं, काय लिहिलं ते कळलंच असेल. पण बाक तोच, मैत्रीण तीच, पोरगी दोन घास जास्त जेवली. मी म्हटलं, म्हणू दे एकोणशंभर, आम्हीही म्हणतो! आता सवयच लागली... मी गोदामात मालाची मोजदाद करतो, काल साहेबांनी विचारलं, ‘किती खोकी?’ पटकन म्हणून गेलो, ‘एकोणशंभर!’ साहेबांनी शंभर लिहून घेतली.

सकाळपासून एक खोकं शोधतोय.