सासुरवाडीत घेतलेला विज्ञानाचा तास

मी शाळेत विज्ञान शिकवतो हे तुम्हाला माहीत आहे, पण यंदा अधिक महिन्यात एक तास मी सासुरवाडीला, राहात्याला घेतला आणि तो चांगलाच भोवला. जावई आला म्हणून सासूबाईंनी पुरणाचे धोंडे तळले होते. मी गळ्यापर्यंत जेवलो, तरी त्या तुपाची वाटी घेऊन समोर उभ्याच.

"जावईबापू, अजून एक घ्या की. लई कमी जेवता तुमी."

मी म्हटलं, "आई, गाईच्या पोटाला चार कप्पे असतात. माणसाला एकच, आणि तो भरला."

"व्हय? मंग खाल्लेलं सगळं तितंच ऱ्हातं?"

प्रश्न इतका झकास होता, की माझ्यातला मास्तर जागा झाला. "छे हो! तिथून ते लहान आतड्यात जातं. चांगलं वीस फूट लांब असतं ते, वेटोळं घालून बसलेलं."

सासूबाईंचे डोळे चमकले. त्यांनी स्वयंपाकघरात सुनेला हाक मारली, "अगं, अजून चार धोंडे आन! जावयांच्या पोटात वीस फूट जागा हाय!"

शेजारी जेवत बसलेले सासरे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "मास्तर, हे हात धुतल्यावर शिकवायचं असतं."