वळचणीखालच्या निळ्या माश्या

माह्यं माहेर बावनथडी नदीच्या त्या अंगाचं, तुमसरकडलं, आणि सासर या अंगाचं, कटंगीजवळचं, म्हणजे नदी ओलांडली का राज्य बदलते पण माती तीच आणि धानाचा रोवणाही तोच. माह्या मायनं मले धुऱ्यावर झोळीत टाकून रोवणा केला, मी माह्या पोराले तसंच टाकून केला, चाळीस वर्सं दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत वाकून वाकून पहिले कंबर गेली, मग गुडघे गेले. ज्याची बांधी त्याची कंबर सरळच हाये, ते जाऊ द्या. आता घरामागची बाडी तेवढी राह्यली. बाडी म्हणजे किती, दहा खाटा टाकल्या तर भरून जाईन, पण वांगे असे येतेत का कटंगीच्या बाजारात टोपलं डोक्यावरून उतरायच्या आधी बाया हात घालतेत.

पोरगा नागपूरले रंगकामावर हाये, महिन्याकाठी येते. घरी मी, सून मनीषा आणि नात परी, पाच वर्साची. सून बालाघाट शहरातली, तिले मराठी समजते पण बोलते हिंदीतच, आणि भांडण असलं तर पक्क्या हिंदीत. वाईट नाही हो पोरगी. मले रागात येऊन काही बोलली तरी भाकर गरमच वाढते.

तर त्या माश्या. आमचं घर एका खोलीचं, सयपाकही तिथंच, झोपणंही तिथंच, आणि मागची भिंत मातीची हाये, तिच्या वळचणीखाली पाणी पडत नाही, माती कोरडी भुसभुशीत राहाते, तिथं त्या आल्या. मोहोळाच्या माश्या नाही त्या, मोहोळ झाडाले लागते. ह्या जमिनीत बीळ करतेत, एकेक माशी आपापलं, कोणी राणी नाही का कोणी चाकर नाही, शेजारी शेजारी घर पण चूल वेगळी. पोटावर निळे पट्टे, उन्हात असे चमकतेत का कोणी बांगडीचा चुरा सांडला. वांग्याच्या फुलाले बिलगून माशी अशी भुर्र करते का फूल थरथरते आणि पिवळी भुकटी गळते. माही सासू म्हणे, पोरी, ज्या बाडीत फूल गुणगुणते तिथं वांगं धरते. मी उन्हाच्या टायमाले तिथं पायरीवर बसून पाहात राहो. चाळीस वर्सं काम केल्यावर दुसऱ्याले काम करताना पाहाणं, काय सांगू ताई तुम्हाले, लय गोड वाटे.

पण परीची गोष्ट वेगळी हाये. मागच्या साली हापशीवर तिले गांधीलमाशी चावली, एकच, कानामागं. अर्ध्या घंट्यात तोंड असं सुजलं का डोळे दिसेनात, मग श्वास घरघरायले लागला. मनीषा तिले छातीशी धरून ऑटोत बसली, बालाघाट येईपर्यंत तिचं तोंड एकच बोले, सांस ले बेटा, सांस ले. वाचली पोट्टी. डॉक्टर म्हणे, हिले पुन्हा चावू देऊ नका. हे ती माय कशी विसरन, तुम्हीच सांगा.

मनीषानं बिळं पाह्यली आणि परीले कडेवर उचलली, ती खाली ठेवेचना. म्हणे, अम्मा, इस घर में या तो ये रहेंगी या मेरी बच्ची. मी म्हणली, अवो बाई, ह्या चावत नाही, गांधीलमाशी वेगळी, ह्या वेगळ्या. म्हणे, काटने के बाद पूछूं क्या कि तू कौन सी है? दुसऱ्या दिवशी तिनं धानावर मारायचं औषध आणलं, शिशी पायरीवर ठेवली आणि म्हणे, आप डालो नहीं तो मैं डालती हूं, नहीं तो हम चले मायके.

औषध मी ओतू देलं नाही. आम्ही वर्सावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, रोज सांजेले विहारात बसतो, पहिले पंचशील घेतो, आणि पहिलंच शील हाये का कोणत्या जिवाची हत्या करणार नाही. तीस वर्सं मोठ्या आवाजात म्हणलं मी ते. मग डोस्क्यात आलं, मारायचं काहून, सारवून टाकू. दार बंद केलं म्हणजे काही मारलं नाही. शेणामातीचं सारवण, तेच ते आपल्या अंगणातलं, त्याच्यानं कोण मरते? दुपारी शेण कालवलं, जाड जाड थर देला, पोतेऱ्यानं गुळगुळीत केलं आणि वरून बोटं ओढून नक्षीही काढली. मनीषा खुश झाली. मीही खुश झाली, का पाहा, लेकरूही राह्यलं आणि शीलही राह्यलं.

दहा-बारा दिवसांनी तिथंच वालाच्या मांडवासाठी खांब गाडायचा होता. सब्बल मारली आणि सारवणाची खपली उलटी पडली. ताई, त्या खपलीच्या खालच्या अंगाले माश्या होत्या, मेलेल्या, साऱ्याचे डोके वरतं. वाळलेलं शेण कुरतडून कुरतडून पाह्यलं असन त्याहींनं. अजून खोल मातीचे घडे निघाले, शेंगदाण्याएवढे, आत पांढऱ्या अळ्या, काळ्या पडून राह्यल्या होत्या. मी खाली बसली. हत्या करणार नाही म्हणून रोज सांजेले म्हणत होती मी, त्या दहा-बारा दिवसांतही.

आणि ज्या त्या दुपारी फुलावर होत्या त्या वाचल्या होत्या. घर सापडलं नाही तर त्याहींनं वरची भिंतच धरली, आणि भिंतीच्या आतल्या अंगाले परीची खाट. माह्याच शहाणपणानं दूरची माशी उशाशी आणली. मनीषानं पाह्यलं आणि पोरीचे कपडे थैलीत भरले. मी भिंतीजवळ गेली, बिळावर तळहात ठेवला. माशी निघाली, बोटावर चालली, उडून गेली. मी म्हणली, पाह्यलं? ती म्हणे, आपका हाथ है अम्मा, उसका गला नहीं है. आणि पोरीले घेऊन मोटारीत बसून मायकेले गेली.

पोरगा फोनवर म्हणे, माय, तू माशीसाठी नातीले घालवून राह्यली का? मी म्हणली, खाट दुसऱ्या खोलीत टाकते. तो म्हणे, एवढ्याशा घरात दुसरी खोली ते कोणती? खरं हाये. विचारते मी स्वतःले, ज्याच्या घराले दोन खोल्या त्यानं दयेच्या गोष्टी करणं सोपं हाये. आमच्या हिश्शाले एक भिंत आली, तिच्या एका अंगाले लेकरू, एका अंगाले माशी.

नऊ दिवस घर गप होतं. दहाव्या दिवशी मी पुन्हा माती कालवली. या टायमाले दुपारी नाही, दिवस बुडताना, साऱ्या घरात आल्यावर, का एकही बाहेर राहू नये आणि तिसरी जागा शोधत फिरू नये. एकेक बीळ अंगठ्यानं बुजवलं. आतून बारीक गुणगुण लागे अंगठ्याले. नक्षी काढली नाही.

मनीषाले फोन केला, ये म्हणली. ती आली, माह्या हाताकडं पाह्यलं, आणि चहा ठेवला. विहारात आता पहिलं शील आलं का मी तोंड बंद ठेवते, बाकी चार म्हणते. बाजूले बसणारी यशोदाबाई म्हणे, म्हणून टाक ना वो, कोण मोजून राह्यलं? मी म्हणली, जे पाळलं नाही ते बोलायचं नाही, पाळीन तेव्हा बोलीन. वांग्याले फूल आहे पण निम्मं गळते. मी काडीनं फुलं हालवत फिरते, पण तसं नाही जमत.

परवा परी विचारे, आजी, निळ्या माश्या कुठं गेल्या? मनीषा म्हणे, अपने घर चली गईं. मी म्हणली, नाही बेटा, गेल्या नाही, मी मारल्या. मनीषा भडकली, बच्ची को ऐसा बोलते हैं क्या? हौ, मी म्हणली, बोलतेत, स्वतःशी खोटं बोलून एकदा सारवलं ना मी. तिले मोठी झाल्यावर माह्यापेक्षा चांगला रस्ता सापडला पाहिजे, अन् तो सापडायसाठी हे तिले माहीत पाहिजे. परीनं माह्या हाताकडं लय वेळ पाह्यलं, आणि मग तोंड उघडलं, का भरव. मी भात कालवून भरवला. खाल्ला तिनं सारा. तिचा श्वास असाच मोकळा राहो ताई, बाकी माह्यं काय ते मी पाहून घेईन.