नानांनी रंगवलेली पिकअप

आमच्या नानांना, म्हणजे मोठ्या काकांना, रंगकामाची भारी हौस. एकोणीसशे नव्वदच्या आसपास त्यांनी जुनी पिकअप घेतली आणि धुळ्याला पासिंगला न्यायच्या आदल्या दिवशी स्वतःच निळीशार रंगवली.

दुसऱ्या दिवशी आरटीओचे साहेब गाडीमागे उभे राहून मला म्हणाले, "ब्रेक दाबा." मी दाबला, तर डावा इंडिकेटर लागला. "इंडिकेटर द्या." दिला, तर मागचे सगळेच दिवे लुकलुकायला लागले.

"वरात काढलीय का? चारच्या आत नीट करून आणा, नाहीतर पुढच्या महिन्यात या."

उद्याच पाचोऱ्याचं पहिलं भाडं ठरलेलं! आम्ही बल्ब बदलले, फ्यूज बदलले, फरक शून्य. शेवटी गेटसमोरचे इलेक्ट्रिशियन रहीमचाचा गाडीखाली शिरले.

आतूनच ओरडले, "नाना, रंग कोनी मारा?"

नाना खुलले. "मीच मारा! कसा शे?"

"झकास शे. पन अर्थिंगना स्क्रूखालेबी मारी दिन्हा!"

चाचांनी स्क्रू काढला, खालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरडला आणि वायर पुन्हा कसली; रंगामुळे ती पत्र्याला टेकतच नव्हती. सगळे दिवे शहाण्यासारखे लागले. साहेबांनी गेटपाशी येऊन दिवे पाहिले आणि कागदावर सही केली.

नाना मात्र त्या खरडलेल्या जागेकडे बघत हळहळले, "साहेब, एवढ्या जागेला परत एक हात मारू का?"

साहेब आणि चाचा एकदमच ओरडले, "नको!"