‘कळवतो’ दाबलं की विपुल

— नाही जी, यंत्राचा काही दोष नाही, अन् तुमची थट्टा करायचा तर कोणाचा इरादाच नाही — तुमी आधी बसा, जानरावजी. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एसटीत उभे आले, आता इथं बी उभेच राहता का? त्या स्टुलावर नका बसू, ते फोटो काढायचं आहे, गरगर फिरते. इकडं, खुर्चीवर. चहा सांगितला आहे बाजूच्या केशरबाईले, कडक गोड, येऊनच राहिला. हां. म्हणजे तक्रार अशी, का पोरीसाठी नोकरीवाला पाहायले तुमी फोनवर आमची लिंक उघडली, अन् कुठूनबी शिरलं तरी शेवटी तेल्हाऱ्याचा तोच मिशीवाला पोट्टा उभा राहते — बरोबर? तलाठी पाहायले गेले, तो निघाला. मास्तर पाहायले गेले, तोच निघाला. काढा तुमचा फोन, समोरासमोर दाखवतो. — घरीच विसरले? रागात निघालं की होते तसं. असू द्या, तोंडानं सांगतो, तोंडानं जास्त चांगलं समजते.

हे पाहा, पहिले माह्या वधू-वर केंद्रात काय होतं? फोटो स्टुडिओ होता, त्यातच एक कपाट पोरांचं अन् एक पोरींचं. मंग लोकांनी फोटो फोनवरच काढणं सुरू केलं, स्टुडिओ बसला. अन् फोटो फोनवरच पाठवणं सुरू केलं, कपाटं बी बसले. तवा मागच्या गल्लीतली अमरीन आली. हुशार पोरगी. साडीच्या दुकानांसाठी फोनवरचं काम करते — बोट लावलं की पदर उलगडते, दुसरं लावलं की काठ दिसतात, तिसरं लावलं की दुकानाचा पत्ता. म्हणे, अंकल, तुमचं बी असंच करू. आपला माणूस एका पानावर बोट लावंल, दुसऱ्या पानावर जाईन, तिथं काही विचारू, तो सांगन तसं तिसरं पान, अन् चालता चालता बरोबर आपल्या जावयापाशी पोचंल. मले काय समजते त्यातलं? पण मी समजून घेतल्याशिवाय हात लावत नाही. मी इथं, याच फरशीवर, जुने फोटोचे पुठ्ठे मांडले — एक पुठ्ठा म्हणजे एक पान — अन् पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सूत बांधलं. ‘नोकरीवाला’ इकडं, ‘धंदेवाला’ तिकडं, ‘शेतीवाला’ त्या खिडकीखाली. केंद्रात आलेला माणूस सुतात पाय अडकून पडे, पण मी काढू दिलं नाही. अमरीन ते पाहून फोनमंधी जोडत जाये. लय बारीक काम आहे, जानरावजी. एक सूत सुटलं का माणूस अधांतरी.

आता अडचण कुठं आली? प्रत्येक पोराच्या पानावर तिनं खाली दोन बटणं ठेवली — हो अन् नाही. लोक येत, पाहत, अन् तिथूनच गायब. अमरीनच्या काही लक्षात येईना. मी म्हटलं, बाई, तू अशी कशी विचारून राहिली? आपल्या वऱ्हाडात स्थळाले नाही म्हणते का कोणी? पोराच्या घरी पोहे खायचे, चहा प्यायचा, त्याच्या म्हशीची तारीफ करायची, अन् जोड्यात पाय घालता घालता म्हणायचं — कळवतो. म्हणजे झालं. दोघंबी समजतात, कोणाचा अपमान नाही. तुमी म्हणाले असन ना कोणाले? — पाहा, हसले. तर मी म्हटलं, तिसरं बटण टाक: कळवतो. टाकलं, अन् दुसऱ्या दिवसापासून सगळे तेच दाबायले लागले. तलाठ्याले कळवतो, मास्तरले कळवतो. ‘हो’ कोणी दाबत नाही, ‘नाही’ बी कोणी दाबत नाही. अमरीन म्हणे, अंकल, हे बटण मी कुठं जोडू? याच्या पुढचं पान कोणतं?

आता तुमीच सांगा. मी फरशीवर पाहिलं. सगळ्या पुठ्ठ्यांले सूत होतं, गजबजलेलं होतं, अन् खिडकीखाली एक पुठ्ठा एकटाच पडला होता — ‘शेतीवाला’. या बोंडअळीच्या सालात त्या वाटेनं जाते कोण? पाच एकरवाला बाप बी मले म्हणते, सहदेवराव, घरी वावर पायजे, पण पोरगं वावरात जाणारं नको. मंग वावरात काय तलाठी जाईन? मले वाईट वाटलं जी. त्या पुठ्ठ्यावर कोणाचं बोटच पोचत नाही. म्हणून मी सूत घेतलं अन् ‘कळवतो’ तिथं बांधलं. बस, एवढंच. आता वऱ्हाडातले सगळे लोक सगळ्यांले कळवतो म्हणतात, म्हणून सगळे लोक त्या तेल्हाऱ्याच्या मिशीवाल्या विपुलपाशी पोचतात. यात यंत्राचा काय दोष? — अन् विपुलच्या पानावर बी कळवतो दाबलं तर? तर पुढचा फोटो येते. — विपुलचाच. बाजूनं काढलेला. मंग बैलजोडीसोबत. अमरीन म्हणालीच होती, अंकल, ये तो चक्कर है, यातून माणूस बाहेर कसा पडंल? मी म्हटलं, लग्नातून बाहेर पडते का कोणी? पण ती ऐकणारी नाही, तिनं खाली एक खिडकी ठेवलीच, ‘केंद्राले प्रश्न विचारा’, तो मेसेज माह्या फोनवर येते.

— नाव? विपुल. ते तर पानावर लिहिलंच आहे. — मले एवढं कसं माहीत त्याच्याबद्दल? आता केंद्र चालवतो म्हणजे माहीत ठेवा लागते... कोण मामा? असं कोण म्हणालं? मी म्हणालो? तोंडातून नाही गेलं माह्या. पानाच्या खाली लिहिलं आहे? ‘मामा: सहदेवराव, फोटो स्टुडिओ, जुने शहर.’ ही अमरीन बी ना, सगळं खरं खरं लिहून ठेवते. बरं, आहे भाचा. माह्या पार्वताचा पोरगा. जगाचे लग्नं मामानं जमवायचे अन् भाचा तसाच — तेल्हाऱ्यात गेलो का पार्वता ताटात भाकर टाकते, पण बोलत नाही माह्याशी. दिवाळीले ओवाळलं, तेबी मान तिकडं करून. माणसानं काय करावं?

पण थांबा, जानरावजी, उठू नका, एक गोष्ट मले बी विचारायची आहे. तुमाले एवढा राग होता तर तुमी प्रश्न काहून विचारत होते? — कोणते म्हणजे? तुमच्याच नंबरवरून आलेले. सकाळी सकाळी. पहिला प्रश्न: मुलगा शेती स्वतः करते का बटईनं देते? मी म्हटलं, वा, माणूस जाणकार आहे. दुसरा: वावरातली विजेची लाईन रातची असली तर मोटर लावायले कोण जाते? मी खरं सांगितलं, तोच जाते, टॉर्च अन् काठी घेऊन. मंग विचारलं, स्वयंपाक येते का. मी जरा चमकलो, सासऱ्याले काय करायचं? पण म्हटलं, शिकलेला माणूस आहे. कळवलं — वांग्याचं भरीत करते, भाकर मात्र वाकडी होते. मंग तुमी मागितला बिनमिशीचा फोटो.

तो प्रश्न लय महागात पडला जी आमाले. मी पोराले इथं बोलावलं, या स्टुलावर बसवलं, मिशी काढवली, फोटो घेतला, तुमाले पाठवला. पोट्टा तसाच गेला तेल्हाऱ्यात. आता गावात बाप जिता असतांनी मिशी काढते का कोणी? एसटीतून उतरला अन् गावभर झालं — देवमनजी गेले. बाया डोळ्याले पदर लावून घरी. अन् आमचे देवमनजी ओट्यावर बसून शेंगा फोडून राहिले. लोकांनी त्याईच्यापाशीच विचारलं, कवा झालं? तवापासून मेव्हणे बी बोलत नाहीत माह्याशी. एवढं तुमच्यासाठी केलं, अन् तुमी म्हणता, आमचं नाव केंद्रातून काढून टाका.

— तुमी नाही पाठवले? असं कसं? नंबर तुमचाच आहे. सकाळी तुमी कुठं राहता? — फिरायले, तपोवनाकडं. अन् फोन? — घरीच, चार्जिंगले. घरी कोण राहते? — हां, काकू. काकू मिशीचं काय करतील... अन् अजून? — पोरगी, अपेक्षा.

थांबा, फोन वाजला माहा. एक मिनिट हां, पाहतो... अहो, हा तर तुमचाच मेसेज आहे, जानरावजी, तुमी तर इथं माह्यासमोर —

नाही नाही. कोणाचा नाही. कंपनीचा आहे, रोजच येते. पाहण्यासारखं काही नाही, राहू द्या, खिशातच बरा आहे तो. तर काय म्हणत होतो मी? हां, तुमचंच बरोबर आहे. यंत्रातच घोळ असन काही. अमरीनले सांगतो, पाहीन ती. तुमी नका मनाले लावून घेऊ, शांत बसा, पंखा वाढवतो.

ओ केशरबाई! त्या दोन चहातला एक बिनसाखरेचा करा बरं.

— काय म्हणता? मले कसं माहीत, तुमाले शुगर आहे म्हणून?

...कळवतो जी.