तलवार म्यानातच होती

खोटं बोलणारा माणूस मला लगेच कळतो, मग तो जर्मन का असेना! परवा एर्लांगेनजवळच्या खेड्यातलं जुनं चर्च बघायला सून केतकीबरोबर निघाले, तर लेकाने बजावलं, "आई, तुला त्यातलं काही कळणार नाही. गप्प राहून बघ."

चर्चच्या भिंतीत एका मेलेल्या सरदाराची दगडी मूर्ती होती. अंगभर चिलखत, पायाशी सिंह. तिथला म्हातारा राखणदार छाती फुगवून म्हणाला आणि केतकीने मला मराठीत सांगितलं, "हा लढाईत पडला."

मला संशय आला. "केतकी, विचार त्याला, शत्रू कुठाय?"

"अहो आई, असं नाही विचारत! ते इतिहासाचे मास्तर होते."

"असू देत. आपल्याकडे लढाईत पडलेल्याच्या दगडावर, वीरगळावर, खाली लढाई कोरतात, मग अप्सरा वीराला वर नेतात. याची तलवार म्यानात, हात जोडलेले. हा अंथरुणात मेलाय. सांग."

केतकीने लाजत लाजत सांगितलं. म्हातारा हळूच म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. तापाने गेला. पण पाहुण्यांना लढाई आवडते."

केतकी माझ्याकडे बघतच राहिली. "आई, ते विचारतायत, तुम्ही हे कुठल्या विद्यापीठात शिकलात?"

"सांग, गावच्या देवळामागे, वीरगळांपाशी. शेळ्या राखताना. आणि घरी गेल्यावर तुझ्या नवऱ्यालाही सांग."