कागदावरचं वय

मी वरच्या वाडीतली, वरंध घाटाच्या अंगाला डोंगरावर आमची आठ घरं, म्हशी नि शेरडं हाच धंदा, थोडी नाचनी, थोडी वरी, आनि घराघरातला एकेक मानूस मुंबयला. माझा जल्म कधीचा ते इचाराल तर आय सांगायची तेवढंच ठावं, की तू झालीस तवा तुझा दादा पावनेतीन वर्सांचा व्हता, नाचनी कापून झालेली आनि म्हस नुकती व्यालेली. तारीख कोन लिवून ठेवतंय तिथं.

शाळा खाली गावात, मधी पान्याचा व्हाळ नि रान, पाऊन तासाची उतरन. दादाला सातवं लागलं तवा बाबा त्याला शाळेत घालायला घेऊन गेला आनि मला बी संगती नेलान, म्हनला दोघं एकदमच जातील, मागनं पोर एकटी रानातनं कशी यायची. खरं तर मी चारची. मास्तर म्हनला ही लय बारीक हाय, बाबा म्हनला अंगानंच बारीक हाय, आयशीवर गेलीय. मंग मास्तरानं दादाला जल्माचा एक जून लिवलान आनि मला पुढल्या सालचा एक जून. आमच्या वाडीत सगळी एक जूनचीच, बाया, बापय, पोरं, कुनालाबी इचारा, हसाल तुमी. तर मला कागदावर जवळजवळ दोन वर्सं जास्त लागली. बाबाचं काय चुकलं सांगा. माझ्या काळजीनंच केलान त्यानं. तवा कुनाला ठावं की हाडालाबी वय असतंय.

नऊ-धाची असताना डावा गाल भरला. पयलं सगळी म्हनायची पोर भरली, बरं झालं. मंग दिसलं की एकाच बाजूनं भरते. शेजारची काकी मस्करी करायची, एकाच गालानं जेवतेस काय गो. दुखत न्हवतं कायच. दात असल म्हनून हळद लावली, सव गावच्या गरम पान्याच्या कुंडावर तीनदा नेऊन आयनं आंघोळ घातलीन, गालाला भिजला फडका धरून बसायची, बाजूला खरजेची मानसं, संधिवाताची मानसं, आनि मधी मी गाल शेकवत. सूज असती तर उतरली असती, पन ते हाड व्हतं, दाबलं की दगडावानी. पुढं डावी नाकपुडी बंद झाली, डोळा वर सरकल्यावानी दिसाय लागला. मी शाळेत भिंतीकडं गाल करून बसायची. दादाच्या सोयरिकीसाठी पावनी आली की मला मागल्या पडवीत बसवायचे. आय नाय सांगायची जा म्हनून, मीच उठून जायची, कुनीतरी सांगायच्या आदी.

महाडच्या डॉक्टरनं फोटो काढलान, म्हनला हाडाचा रोग हाय, कॅन्सर नाय, पन मुंबयला जावा. दादा तवा मुंबयला कॅन्टीनला लागलेला. त्यानं सरकारी मोठ्या दवाखान्याची चौकशी केलीन, आनि बाबा मला घेऊन गेला. आय म्हशी-शेरडांकडं ऱ्हायली, कोनीतरी ऱ्हायला पायजे. तिथला डॉक्टर शांत मानूस. फोटो उजेडाला धरून समजावलान, की हे हाडच आहे पण पक्कं हाड नाही, आत तंतू भरलेत. सगळं काढता येत नाही, काढलं तर चेहराच जाईल, म्हणून कोरून सपाट करायचं. पण कधी कोरायचं ते महत्त्वाचं. मुलगी वाढत असते तोवर तेही वाढतं, मुलीची वाढ थांबली की त्याचीही बहुतेक थांबते. त्याआधी कोरलं तर परत येण्याची भीती जास्त, म्हणून आम्ही सतराच्या पुढे करतो.

बाबानं शाळेचा दाखला पुढं केलान. सतरा सरलेली कागदावर. डॉक्टर म्हनला, अगदी वेळेवर आलात, आता परत येणार नाही असं मी सांगू शकतो. मंग माझ्याकडं वळून इचारलान, उंची अजून वाढते का गं तुझी?

काय सांगू तुमाला. त्याच सालात आयनं माझ्या परकराची खालची शिवन दोनदा उसवून लांब केलेली. बाबाला त्यातलं काय ठावं न्हवतं, ती बायांची कामं. मला ठावं व्हतं. दोन वर्सं अजून असला गाल घेऊन पडवीत बसायचं माझ्या जिवावर आलेलं. मी म्हनले, नाय. डॉक्टरनं लिवून घेतलान.

ऑपरेशन झालं, ओठाच्या आतनं केलनी, भायेर टाका सुदीक नाय. सूज उतरली नि मी आरसा बघितला, दोनी गाल सारखे. तवा लय रडले, आनंदानं. वाडीत आले तर काकी म्हनली, आता दोनी गालांनी जेव गो बाय. दीड वर्स मी कुठल्याबी भिंतीला टेकून बसायची, कुठल्याबी बाजूनं.

मंग एक दिवस आय मागं बसून माझी वेनी घालत व्हती. डोकं मागं वढलंन, वरनं माझ्या तोंडाकडं बघितलंन, आनि तिचा हातच थांबला. वेनी अर्धी तशीच. मी काय ते समजले. नाकपुडी महिनाभर चोंदत व्हतीच, सर्दी सर्दी म्हनून मी गप ऱ्हायलेली.

या खेपेला आय संगती आली, शेरडं काकीकडं सोपवून. डॉक्टरनं जुने फोटो नवे फोटो शेजारी लावलेन, उलटसुलट केलेन, म्हनला हे परत यायला नको होतं, या वयात नको होतं. तवा आय बोलली. म्हनली, डॉक्टर, पोरीचं वय तेवढं नाय. आनि सगळं सांगितलंन, नाचनी, म्हस, पावनेतीन वर्सांचा दादा, मास्तर, एक जून. बाबा खाली फरशीकडं बघत ऱ्हायला. डॉक्टर म्हनला, मग तेव्हाच का नाही सांगितलंत? आय म्हनली, तुमी मला कुठं इचारलंत, मी शेरडांकडं व्हते.

मंग त्यांनी माझ्या हाताच्या पंजाचा फोटो काढायला लावलनी. हाडाच्या टोकांवरनं वय कळतंय म्हनं. मनगटावरची एक बारीक रेघ दाखवलनी, ती अजून पुरती मिटली न्हवती. रागावला नाय तो डॉक्टर. नुसता जुना कागद काढून वाचलान, उंची वाढत नाही असं तू सांगितलं होतंस. मी म्हनले, हो. बाबानं माझ्याकडं बघितलान, आनि परत फरशीकडं. त्या दिसापासनं त्यानं मला एका शब्दानं इचारलं नाय की तू असं का म्हनलीस, आनि मीबी त्याला कधी म्हनले नाय की दाखला का दिलास.

दोन वर्सं थांबवलनी आनि मंग दुसरं ऑपरेशन. या वक्ताला खोल जायला लागलं. डोळ्याखालची शीर दुखावेल असं त्यांनी आदी सांगितलेलं, तशी दुखावली. तवापासनं डावा गाल नि वरचा ओठ बधिर. माशी बसली तर कळत नाय, चा वघळला तर समोरच्यानं सांगावं लागतं. गाल सरळ झाला, पन आरसा दिलनी तवा मी बघितला नि खाली ठेवला. रडू नाय, हसू नाय. आतनंबी तसंच झालेलं. मी इचारलं परत येईल काय, तर डॉक्टर म्हनला, मागं सांगितलं ते चुकलं, आता सांगत नाही, दर वर्षी ये, फोटो काढून बघू.

वर्साच्या वर्साला गेले. नात्यात पडले, म्हंजे नाते गावात दिली मला, नवऱ्याला आदीच सगळं सांगितलेलं, तो म्हनला बरं. पोर झाली तवा डॉक्टरनं जपायला सांगितलेलं, पोटुशीपनात वाढतं कधी कधी, पन नाय वाढलं. मागल्या साली म्हनला, आता दर वर्षी यायला नको, काही वाटलं तर ये. मी म्हनले, डॉक्टर, त्या गालाला मला कायच वाटत नाय. तो हसला, पन मी मस्करी करत न्हवते.

म्हायेरी गेले की बाबा वट्यावर बसलेला असतो. दोनी डोळ्यांत मोतीबिंदू, लांबचं कायच दिसत नाय. मला जवळ बसवतो नि डाव्या गालावर हात ठेवतो, हळूहळू फिरवतो, वाढलंय काय ते बघतो. बराच येळ बघतो. मंग इचारतो, हात कळतो काय गो माझा? मला कायबी कळत नाय. हात कधी ठेवलान नि कधी काढलान ते त्याच्या खांद्याकडं बघून समजतं मला. मी म्हनते, कळतो बाबा, गरम लागतो. मंग तो काढतो हात, बरं वाटतं त्याला. देव त्याला सुखात ठेवो.