दत्ताराम उठला

मी गुहागरकडचा, दत्ताराम माझं नाव. बापूस खाडीत जाळं टाकायचा, मी बाविसाव्या वर्षी इकडे दुबईला आलो, मुहैस्नाहच्या मजुरांच्या कॅम्पात राहिलो, साइटवर सळ्या बांधल्या, मग पाय मोडला तेव्हा ओळखीने या सिनेमावाल्या शेठच्या ऑफिसात चहाला लागलो. त्याला सहा वर्षं झाली.

शेठ बाहेरचे पिक्चर घेतो नि इकडच्या थेटरांत लावतो. पण घेण्याआधी आतल्या खोलीत लावून बघतो आणि मला म्हणतो, दत्ता, तू बस. माझं इंग्लिश म्हणजे येस नि नो, तरी मलाच बसवतो. दत्ता शेवटपर्यंत बसला तर पब्लिक बसेल, दत्ता मधेच उठला तर खलास, असं त्याचं शास्त्र. हसू नका, खरंच सांगतोय.

तर गेल्या थंडीत लंडनहून एक बाई आली. कुठल्या कंपनीशिवाय, स्वतःच पिक्चर बनवलेला. तिकडे कोणी लावायला घेईना, अबुधाबीतही नाही म्हणाले, आमचा शेठ शेवटचा. तिने मलासुद्धा हात जोडून नमस्ते केलं, चहावाल्याला कोण करतो हो?

पिक्चरमध्ये समुद्राकाठचं गाव, एक म्हातारा खाटेवर पडलेला, नि त्याचा मुलगा बोलत नाही काय नाही, नुसता चमच्याने पाणी पाजतोय. काय सांगू तुम्हाला, माझा बापूस गेला तेव्हा मी साइटवर, पासपोर्ट कंपनीकडे, रजा नाही. चुलतभावाने मोबाइल धरला, त्यात चिता बघितली, तीही अर्धीच, नेट गेलं. शेवटचं पाणी कोणी घातलं ते मी अजून विचारलेलं नाही. मला बसवेना. उठलो, पॅन्ट्रीत गेलो, नळ सोडला नि रडलो.

चहा घेऊन आलो तर लाइट लागलेली. शेठ बाईला सॉरी सॉरी म्हणत होता, आणि मला हळूच, अच्छा हुआ तू उठा, बच गये. मी सांगायला हवं होतं, शेठ, कंटाळून नाही उठलो. पण माझा व्हिसा त्याच्या हातात, भ्यालो मी. लिफ्टपर्यंत बाईची बॅग नेली तेव्हा तिने विचारलं, बोअरिंग? तिचे डोळे भरलेले. नो म्हणायचं होतं, आयशपथ, येणाऱ्या दोन शब्दांतला एक, तोही तोंडातून निघाला नाही. लिफ्ट बंद झाली.

तिला कुठेतरी तो पिक्चर लावणारा चांगला माणूस भेटो, एवढंच देवाकडे मागतो. मी आता उठतच नाही. परवा एक भिकार पिक्चर होता, नुसती मारामारी, पाय आखडला तरी बसून राहिलो. शेठ खूश झाला. म्हणाला, दत्ता बैठा है, ले लो.